गळ टाकायला येणारे पाहुणे

तायांनो, मालवण-वेंगुर्ल्याकडे पाहुण्यांना दिवसभर गळाने मासेमारीला न्यायचं, तर पैसे कशाचे घ्यायचे? माझ्या मते दिवसाचे, माशांचे नाही. सुरमई लागो न लागो, डिझेल जळतंच, तांडेल-खलाशांची मजुरी द्यावीच लागते. हे बुकिंगलाच सांगा. नवख्यांना खडकाजवळ नांगर टाकून बांगड्याचा तुकडा लावलेली दोरी द्या. तांबोशी, गोबरा तिथेच लागतो. सराईतांना सुरमईसाठी चालत्या होडीमागे गळ ओढायचा असतो. त्याला डिझेल जास्त, म्हणून दर वेगळा.

मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत. आधी मेरीटाइम बोर्डाची परवानगी. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हाचं बुकिंग नकोच. लाइफ जॅकेट माणशी एक, अंगात घातलेलं! वारा फिरला की परतायचं तांडेलाने ठरवायचं, पाहुणा कितीही हट्ट करो. तसा ठराव गटाच्या वहीत लिहून ठेवा.