तापी दोनदा ओलांडून जैनाबादला

सायकल घेऊन रेल्वेने फिरायला जायचं म्हटलं की लोक नकाशा उघडतात. मी म्हणेन, आधी पार्सल ऑफिस गाठा. सायकल फुकटच्या सामानात धरत नाहीत. तिकीट दाखवून ती 'लगेज' म्हणून बुक करायची, म्हणजे ती आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढते. नुसती 'पार्सल' म्हणून दिली तर ती तिच्या सोयीने येणार! हँडलला नाव, कुठून-कुठे आणि पावती नंबर लिहिलेला पुठ्ठा घट्ट बांधायचा. लोकलसारख्या छोट्या गाड्यांना बऱ्याचदा ब्रेकव्हॅनच नसते, ते आधी विचारून घ्यायचं.

आमचा बेत जैनाबादचा. बऱ्हाणपूर स्टेशन आहेच, मग थेट तिथेच का उतरू नये? कारण तिथे गाडी जेमतेम थांबते, आणि तेवढ्यात चार सायकली उतरवून घेणं म्हणजे जुगार. भुसावळ मोठं जंक्शन, गाडी निवांत थांबते. म्हणून रात्री मुंबईहून निघून पहाटे भुसावळ, आणि पुढचे साठ-पासष्ट किलोमीटर सायकलवर.

भुसावळ सोडताच तापी ओलांडायची आणि फैजपूरला यायचं. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन ते हेच. पुढे सावदा, रावेर. डावीकडे सातपुडा सतत सोबतीला, दोन्ही बाजूंना केळीच केळी. रस्ता देखणा, पण केळीचे ट्रक त्याच रस्त्याने धावतात. म्हणून एकामागे एक चालायचं, गप्पा थांब्यावर. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो, म्हणजे जाताना तोंडावर, आणि रस्ताही नदीच्या उगमाकडे हळूहळू चढतो. आमच्यातल्या दोघांच्या सायकलींना गिअर नाहीत. म्हणून जाताना अख्खा दिवस हाताशी ठेवलाय. परतताना वारा पाठीशी, उतारही थोडा आपल्या बाजूने.

असीरगडाचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. पण बऱ्हाणपूरपासून आणखी वीसेक किलोमीटर आणि वर चढ, म्हणजे जैनाबाद हातचं जाणार. मी गड खोडला. गडावर माणसं जातातच, जैनाबादला कोण जातं?

मुक्काम बऱ्हाणपुरात, मावा जिलेबी तिथलीच खायची. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा तापी ओलांडून पलीकडे आहूखाना, म्हणजे मोगलांची हरणांची बाग. जून १६३१ मध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी पुरलं ते इथे. डिसेंबरात देह आग्र्याला नेला. ताजमहाल बांधून व्हायच्या आधीचे ते सहा महिने या मातीतले. पुढे तरुण औरंगजेब याच बागेत हिराबाईवर भाळला, असं मोगल बखरकार सांगतात. तिला नावच पडलं 'जैनाबादी'. एवढं सगळं जिथे घडलं तिथे आज पडझड दिसते. म्हणूनच घाईने फोटो काढून निघायचं नाही, दोन तास राखून ठेवलेत.

नऊच्या आत मात्र परतीला लागायचं. भुसावळला अंधाराआधी पोचलो नाही तर पार्सल ऑफिसची पावती होत नाही, आणि पावती नसेल तर गाडी आपली, सायकल फलाटावर. पंक्चरचं सामान, हवेचा पंप आणि दोन जादा ट्यूब प्रत्येकाजवळ हव्यात. पाणी रावेरला पुन्हा भरून घ्यायचं.