लाल कार्ड दिसलं की थांबायचं

मराठी माणसाला भाषण काय शिकवायचं, असं मला श्टुटगार्टमधले आपलेच लोक विचारतात. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा, गणेशोत्सवातली व्याख्यानं, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला, एवढं सगळं पाठीशी असताना ऑफिसातून दमून आल्यावर भाषणाच्या क्लबात कशाला जायचं?

कारण साताऱ्याच्या शाळेत मी बक्षिसं मिळवली ती बाईंनी लिहून दिलेल्या भाषणांवर. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ म्हटलं की गाडी थेट शेवटच्या टाळीपर्यंत. मध्येच कुणी प्रश्न विचारला तर काय, याची तयारी त्यात नव्हती. इथल्या मीटिंगमध्ये नेमकं तेच होतं, आणि तेही जर्मनमध्ये.

मी जाते तो क्लब टोस्टमास्टर्सचा. राल्फ स्मेडली या गृहस्थांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियात सांता आना गावच्या वायएमसीएत या संस्थेची पहिली सभा भरवली. मेजवानीत वक्त्यांची ओळख करून देणारा तो टोस्टमास्टर, त्यावरून हे नाव. बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७३ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी! आता सुमारे दीडशे देशांत क्लब आहेत. जर्मनीत काही जर्मनमध्ये चालतात, काही इंग्रजीत, काही दोन्हींत.

आमचा क्लब पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळी भरतो. तयारी करून आणलेलं भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं. एकजण घड्याळ घेऊन बसतो आणि हिरवं, पिवळं, लाल अशी कार्डं दाखवतो. दुसरा ‘अं’, ‘म्हणजे’ असे अडखळे मोजतो. जर्मनमधला माझा ‘आल्झो’ त्याच्या वहीत कायमचा मुक्कामाला आहे. खरी गंमत उत्स्फूर्त भाषणांची. विषय तिथल्या तिथे मिळतो, एक ते दोन मिनिटांत आटपायचं असतं.

एकदा मला विषय आला ‘केअरवोखे’. श्वाबेन प्रांतात भाडेकरूंनी आळीपाळीनं जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा असतो, त्या आठवड्याला हे नाव. पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकते. मला आमचा वाडा आठवला. अंगण कुणी झाडायचं यावरून दोन बिऱ्हाडांत अबोला होता, आणि तो मोडायला कुणाचं तरी लग्न ठरावं लागलं. अशी पाटी असती तर किती चहा वाचला असता, असं मी म्हणाले. खोली हसली. आता वाड्याचं वर्णन रंगवावं म्हणून श्वास घेते तोच लाल कार्ड वर.

मग मूल्यमापन. एक निवृत्त शिक्षिका उठल्या, म्हणाल्या, ‘वाड्याचं सांगताना तुम्ही आमच्याकडे पाहत होता, नियम सांगताना छताकडे.’ एवढंच, पण ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शिव्या पडल्या नाहीत म्हणजे कौतुकच समजायचं, अशी श्वाबेनची म्हण आहे. त्या लोकांना इथं आधी चांगलं काय झालं ते नेमकं सांगावं लागतं, आणि त्यांची तारांबळ पाहण्यासारखी असते. आपली अडचण उलटी. ‘छान झालं हं!’ म्हणून आपण मोकळे. काय छान झालं ते विचारू नका. माझ्या मते क्लबातलं खरं शिक्षण भाषण करण्यात कमी आणि दुसऱ्याचं ऐकून दोन-तीन मिनिटांत त्याच्या उपयोगाचं बोलण्यात जास्त आहे.

भाषणाबरोबर इथे नेतृत्वही शिकायला मिळतं म्हणतात, ते क्लबाच्या कारभारातून येतं. अध्यक्षापासून सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्यापर्यंत सात पदं, वर्ष १ जुलैपासून. जर्मनीत संस्था नोंदवायलाही किमान सातच माणसं लागतात. नोंदणीकृत संस्था म्हटली की घटना, वार्षिक सभा, हिशेबतपासनीस हे सगळं आलं. कार्यकारिणी बदलली तर नोटरीपुढे सही करून कोर्टातल्या नोंदवहीत कळवायचं. मी खजिनदार होते. कॉफी-प्रेत्सेलच्या पावत्या घेऊन वार्षिक सभेपुढे उभं राहणं आणि ‘ही पावती दोनदा का?’ याला शांतपणे उत्तर देणं, यानं मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त धीट केलं.

सगळंच मला आवडतं असं नाही. टोस्टमास्टर्सच्या भाषणस्पर्धेत वरच्या फेऱ्यांना हुकमी हुंदके आणि हातवारे फार. ते सोडून द्यावं.

सुरुवात जर्मन क्लबातच करावी, भाषा मोडकी असली तरी. इंग्रजीत आपण तरून जातो, म्हणूनच तिथे फारसं पुढे सरकत नाही. आधी दोन-तीन क्लब पाहून यावेत. पाहुण्यांकडून सहसा पैसे घेत नाहीत, भाषणाचीही सक्ती नसते. आज नुसती ऐकायला आलेय, असं सांगितलं तरी चालतं. फक्त तेवढं उठून, सगळ्यांसमोर सांगावं लागतं.