नेमबाजाची नळी आणि तिची निगा



आमचे सारे आयुष्य कामगारांच्या सभा, मागण्या आणि वाटाघाटी यांत गेले. त्यामुळे या वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे हवेच्या बंदुकीचा विषय पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. एका स्नेह्यांनी तर, "आता संघटना बंदुका घेणार की काय?" असे विचारून घेतले. तसे काही नाही. ज्या बंदुकीबद्दल आज बोलावयाचे आहे, ती दहा मीटरांवरच्या कागदाला भोक पाडते, एवढेच. परंतु तिच्यात हत्यार आणि माणूस यांच्या नात्याचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्या नेहमीच्या प्रश्नांपासून फारसा दूर नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी गायमुखच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत किंवा अशाच एखाद्या जत्रेत फुगे फोडले असतील. नेम धरावा लाल फुग्यावर आणि फुटावा शेजारचा निळा. बरोबरची मंडळी हसतात, आपण खजील होऊन बंदूक परत करतो. दोष आपल्या हाताचा, असे आपणही मानून चालतो. त्या बंदुकीची नळी दिवसातून शेकडो वेळा मोडून मिटली जाते, तिचा बिजागर खिळखिळा झालेला असतो, माशी वाकलेली असते, हे कोणी पाहत नाही. जत्रेत त्याने बिघडत नाही. दहा-वीस रुपयांची गंमत होते. पण हाच न्याय शिकणाऱ्या मुलाला लावला, म्हणजे मग बिघडते.

आमच्या ओळखीच्या एका कामगाराची मुलगी शाळेतर्फे नेमबाजी शिकू लागली. शाळा कोणती, ते सांगण्याचे कारण नाही. शाळेत बंदूक एक आणि मुले पंधरा-वीस. दोन महिने मुलीचे गुण चांगले आले आणि मग एकाएकी उतरले. छर्रे कधी डावीकडे, कधी वर. शिकवणाऱ्यांनी सांगितले, "हिचा हात स्थिर नाही, मनही थाऱ्यावर नाही." पोर रडकुंडीला आली. तिचा बाप फिटर. त्याने रविवारी परवानगी काढून बंदूक पाहिली, तेव्हा नळी जिथे बसते त्या भागाला दस्त्याशी बांधणारा एक स्क्रू सैल निघाला. स्क्रू आवळला आणि मुलीचा हात आपोआप स्थिर झाला! त्या दिवसापासून आम्ही या विषयाची पुस्तके वाचू लागलो आणि जाणत्यांना विचारू लागलो.

आता हिशेब पाहू. दहा मीटर हवाई रायफलीच्या लक्ष्याचा सगळा व्यास ४५.५ मिलिमीटर असतो. मधला दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा. छर्रा ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरांच्या आत पाहिजे. पुढे दर २.५ मिलिमीटरांना एक गुण कमी. हल्ली दशांशातही गुण मोजतात आणि सर्वांत उत्तम नेमाला १०.९ गुण देतात. तिथे तर पाव मिलिमीटरालाही किंमत आहे.

नळीची लांबी सुमारे ४० सेंटिमीटर धरू. दहा मीटर म्हणजे त्याच्या पंचवीसपट. नळीचे तोंड तिच्या मुळाच्या मानाने एक दशांश मिलिमीटर, म्हणजे साधारण एका जाड केसाइतके, कलले तर लक्ष्यावर फरक पडतो २.५ मिलिमीटरांचा. एका केसाला एक गुण! माशी नळीच्या तोंडाशीच बसवलेली असते, तीही बरोबर सरकते, म्हणून यातला काही भाग भरून निघतो. पण सगळा निघत नाही. आणि स्पर्धेत साठ नेम मारावयाचे असतात. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी चाळीस नेमांत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तेव्हा त्यांच्या मनाबरोबर त्यांच्या नळीनेही चाळीस वेळा इमान राखले होते, हे विसरता कामा नये.

नळी का हलते? कारणे मुख्यतः चार आहेत.

पहिले कारण सांध्याचे. नळी मोडून दाब भरण्याच्या जुन्या बंदुकीत नळीच बिजागरावर फिरते. बिजागर झिजला की नळी दर वेळी किंचित निराळ्या जागी मिटते. अशी बंदूक उघडी असताना चुकून चाप ओढला गेला तर नळी स्प्रिंगच्या जोराने फटकन मिटते आणि कायमची वाकू शकते. बोट सापडले तर बोटही जाते. स्पर्धेच्या बंदुकीत म्हणूनच नळी पक्की बसवलेली असते आणि ती मुळाशी घट्ट, पुढे मोकळी असते. दस्ता तिला कोठेही दाबत नाही. पाहणारा म्हणतो, पुढे आधार का दिला नाही? आधार दिला की तोच तिला ढकलू लागतो, हे त्याचे उत्तर.

दुसरे कारण स्क्रूंचे. सैल स्क्रू वाईट, आणि अंगातल्या सगळ्या जोराने आवळलेला स्क्रूही वाईट. दोन्ही स्क्रू कमीजास्त आवळले गेले तर यंत्राच्या भागाला पीळ बसतो. लाकडी दस्ता असेल तर आपल्या पावसाळ्यात तो दमट हवेने फुगतो आणि मे महिन्यात आकसतो; जूनमध्ये ठीक असलेला आवळ जानेवारीत ठीक राहत नाही. कारखान्याने पुस्तिकेत आवळ किती असावा ते दिलेले असते, आणि तेवढाच आवळ देणारा पानाही मिळतो. लेथवर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरे कारण उष्णतेचे. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे श्रोत्यांना सांगण्याची जरूर नाही. सबंध नळी सारखी तापली तर ती थोडी लांब होते, त्याचे विशेष काही नाही. पण खिडकीतले ऊन एकाच बाजूला पडले तर ती बाजू जास्त वाढते आणि नळी केळीच्या पानासारखी वळते. १६ मिलिमीटर जाडीच्या आणि ४० सेंटिमीटर लांबीच्या पोलादी नळीच्या दोन बाजूंत एकाच अंशाचा फरक असला, तरी दहा मीटरांवर सुमारे ३ मिलिमीटरांचा फरक निघतो. एक अंश! म्हणून बंदूक उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये, आणि सरावाच्या जागी आणल्यावर पेटी उघडून तिला तिथल्या हवेशी जुळू द्यावे.

चौथे कारण हवेच्या टाकीचे. आजच्या बंदुकीत नळीखाली दाबलेल्या हवेची टाकी असते. दाब बहुधा २०० बार, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. नेम मारत जावे तसा दाब उतरतो आणि टाकीचा आकार अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलतो. टाकी आणि नळी एकमेकींना जखडलेल्या असतील तर टाकी नळीलाही ओढते, आणि पहिला नेम व पन्नासावा नेम निरनिराळ्या जागी पडतात. त्या दोघींत मोकळी फट हवी. त्या फटीत चिंधी, दोरी किंवा शोभेची वस्तू अडकवणारे उत्साही लोक आम्ही पाहिले आहेत.

छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने बाहेर पडतो. चाप सुटल्यावर तो नळीत राहतो सेकंदाचा जेमतेम दोनशेवा हिस्सा. एवढ्या वेळात माणसाला काहीच सुधारता येत नाही. तेव्हा नळीने जे काही करावयाचे ते आधीच बरोबर करून ठेवलेले असले पाहिजे. यालाच आम्ही निगा म्हणतो.

निगेचे नियम थोडे आहेत. बंदूक नळीला धरून उचलू नये, दस्त्याला धरून उचलावी. ती भिंतीला टेकवून ठेवू नये. घसरून पडली तर पहिला मार माशीला बसतो. ने-आण कडक पेटीतून, आत फोम घालून करावी. नळीत लोखंडी सळई घालू नये. नळीच्या आतले पेचदार चर आणि विशेषतः तोंडाची कड यांना ओरखडा पडला की छर्रा बाहेर पडताना एका बाजूला ढकलला जातो. मऊ नमद्याच्या गोळ्यांनी, मागून पुढे, साफ करावी. दाबलेल्या हवेच्या भागांना घरातले कोणतेही तेल लावू नये. जास्त दाबाखाली तेलाची वाफ पेट घेऊ शकते. टाकी सावकाश भरावी, हवा कोरडी असावी, आणि टाकीवर छापलेली मुदत संपली की ती कितीही चांगली दिसो, वापरू नये. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांत टाकीची मुदत पाहण्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकलेली आहे. नेम संपला की नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालावी, म्हणजे ती रिकामी आहे हे सर्वांना दिसते. छर्रे शिशाचे असतात. म्हणून सरावानंतर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. आणि बंदूक रिकामी असली तरी तिचे तोंड माणसाकडे करू नये. छर्रा लहान खरा, पण डोळा काही मोठा नसतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. मुलाचे गुण उतरले तर दोष हाताचा की हत्याराचा, हे ओळखावे कसे? बंदूक वाळूच्या पिशवीवर नीट टेकवून, एकाच डब्यातल्या छर्ऱ्यांनी पाच नेम मारावेत. पाचही भोके एकमेकांत मिसळली, पण मध्यापासून दूर पडली, तर नळी बरी आहे, नेमाची जुळणी बदलावी. भोके विखुरली तर स्क्रू, नळी, छर्रे यांची तपासणी करावी. सकाळी एका जागी आणि दुपारी दुसऱ्या जागी पडली तर उष्णता, दस्ता यांचा संशय घ्यावा. आणि पिशवीवरून सगळे उत्तम आले, हातात घेतल्यावर विखुरले, तरच मुलाच्या उभे राहण्याबद्दल आणि श्वासाबद्दल बोलावे. या कामाला पंधरा मिनिटे लागतात. ती न देता पोराला नालायक ठरवणे हा अन्याय होय.

थोरांचीही यातून सुटका नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांचा अंतिम फेरीपूर्वीच्या चाचणीतला छर्रा भलतीकडे गेला. त्यांनी घाई न करता जुळणी पुन्हा केली आणि हवाई रायफलीचे सुवर्णपदक मिळवले. २०२१ साली टोकियोत मनू भाकर यांच्या हवाई पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तेव्हा त्यांना नावे ठेवणारे थोडे नव्हते. २०२४ साली पॅरिसमध्ये त्याच खेळाडूने दोन कांस्यपदके घेतली. हात तोच होता, मंडळी!

महाराष्ट्राचे नाव या खेळात मोठे आहे. अंजली भागवत २००० साली सिडनीत हवाई रायफलीच्या अंतिम फेरीत पोचल्या. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत याच प्रकारात जगज्जेते झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे आणि रेल्वेत नोकरी करणारे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलीचे कांस्यपदक आणले. ती काडतुसाची रायफल, पण नळीचा न्याय तोच. भंडाऱ्याच्या मुलामुलींनी त्या वाटेने का जाऊ नये? पितळेच्या भांड्याला ठोक्याठोक्याने घाट देणाऱ्या कारागिरांचे हे गाव. बारीक काम आपल्याला परके नाही.

मात्र एक गोष्ट करावी लागेल. सर्वांच्या मालकीची वस्तू कोणाचीच नसते, हा आपला जुना रोग आहे. जिथे एक बंदूक वीस मुले वापरतात, तिथे तिची एक वही ठेवावी. कोणी घेतली, किती नेम मारले, स्क्रू कोणी तपासले, टाकी कधी भरली, पडली असेल तर कशी पडली, हे सारे त्यात लिहावे. आणि पडली असे सांगणाऱ्या मुलाला शिक्षा करू नये. शिक्षा केली की पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि वाकलेल्या नळीचे फळ दुसरे मूल भोगील.

हे आम्ही बंदुकीच्या शाळेत शिकलो नाही, कारखान्यांत शिकलो. २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत स्फोट होऊन कामगार गेले. त्या दुर्घटनेचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण त्या दिवशी सबंध जिल्हा सुन्न झाला होता, तो आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. काही बिघडले म्हणजे आधी माणसाकडे बोट दाखवावयाचे आणि मग, सवड मिळाली तर, यंत्र पाहावयाचे, ही रीत जिथे आहे तिथे ना हत्यार सुरक्षित राहते, ना माणूस. ती मोडावयाची तर सुरुवात लहान वयात आणि लहान वस्तूपासून झालेली बरी.

त्या फिटरची मुलगी आजही सराव करते. नेम धरण्यापूर्वी ती दोन स्क्रूंवर बोट फिरवते, नळी आणि टाकी यांतली फट पाहते आणि वहीत सही करते. पदक मिळेल की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. पण उद्या ती कोणत्याही यंत्रापुढे उभी राहिली तरी आधी यंत्र तपासील, आणि मगच कोणाला दोष देईल. आमच्या मते एवढे शिक्षण पुष्कळ झाले.