धुरातील आम्लवायू आणि पक्क्या रंगाची कसोटी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील सायझिंग व प्रोसेस हाऊसच्या कोळशावरील बॉयलरमधून जो धूर निघतो, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड हे आम्लधर्मी वायू असतात. असे वायू पकडण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत बॉटम्स यांनी 1930 साली तिचे पेटंट घेतले. अमोनियाच्या जातकुळीतील अमाइन हे रसायन पाण्यात मिसळायचे आणि वायू त्यातून न्यायचा. अमाइन त्याला धरून ठेवते, तापवले की सोडते. तामिळनाडूत तुतिकोरिन येथील एका कारखान्याने 2016 साली बॉयलरचा धूर अशाच द्रावणाने धुऊन त्यातील कार्बन डायऑक्साइड सोडा ॲशसाठी वापरण्यास सुरुवात केली. हाच सोडा आपल्या रंगारी मंडळींना रोज लागतो.

अडचण खर्चाची आहे. नेहमीच्या द्रावणात अमाइन शेकडा 30, बाकी पाणी. वायू सोडविण्यासाठी हे सारे पाणीही 120 अंशांपर्यंत तापवावे लागते. हा सौदा कोणाला परवडेल? म्हणून संशोधकांनी अमाइन सच्छिद्र सिलिकावर बसविले. अशा एका ग्रॅम सिलिकाच्या छिद्रांतील पृष्ठभाग सुमारे 1000 चौरस मीटर भरतो, म्हणजे 44 इंची पन्ह्याचे जवळजवळ 900 मीटर कापड!

अमाइन बसविण्याच्या रीती मुख्यतः दोन. एकीत ते छिद्रांत नुसते भरतात; माल भरपूर मावतो, पण वाफेने, उष्णतेने हळूहळू निघून जातो. दुसरीत ते रासायनिक बंधाने जोडतात; माल कमी बसतो, पण टिकतो. पिगमेंट छपाई आणि रिॲक्टिव्ह रंग यांतला फरक जाणणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

खरा शत्रू मात्र गंधक. सल्फर डायऑक्साइडला अमाइन इतके घट्ट धरते की नेहमीच्या तापवण्याने ते सुटत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडला जागाच उरत नाही. म्हणून चुना किंवा कॉस्टिकने गंधक आधी धुऊन काढावेच लागते. ज्याच्याकडे तेवढीही सोय नाही, त्याने या नव्या मालात पैसा गुंतवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी विकायला आलाच तर त्याला विचारावे: हा माल किती वेळा तापवून पुन्हा वापरता येतो? आणि ती चाचणी प्रयोगशाळेतील स्वच्छ वायूवर घेतली, की कोळशाच्या धुरावर?