अंदाज बुडाला, पत्ता टिकला

ताप आला की माणूस डॉक्टरच्या आधी गूगलला विचारतो. मग त्या शोधांवरूनच साथ ओळखता येईल, या हिशेबाने नोव्हेंबर 2008 मध्ये अमेरिकेत ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ सुरू झालं. सीडीसी या सरकारी संस्थेचे आकडे दवाखान्यांकडून गोळा होत. त्यात आठवडा-दोन आठवडे जात. गूगलने पाच कोटी शोधशब्द चाळून 45 निवडले. फेब्रुवारी 2009 मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध छापून आला आणि वाहवा झाली.

त्याच वसंतात स्वाइन फ्लू आला आणि त्याची पहिली लाट या यंत्रणेच्या नजरेतून निसटली. चाळणीतच गोम होती. शाळांच्या बास्केटबॉलबद्दलचे शोधही फ्लूच्या आलेखाशी जुळत होते, कारण दोन्हींचा मोसम हिवाळा! ते शब्द हाताने काढावे लागले होते. पुढे 2012-13 च्या हिवाळ्यात अंदाज सीडीसीच्या जवळपास दुप्पट निघाला. 2014 मध्ये ‘सायन्स’ने हिशेब मांडला: ऑगस्ट 2011 पासूनच्या 108 आठवड्यांपैकी 100 आठवडे आकडा फुगलेला. 2015 मध्ये गूगलने हे अंदाज जाहीर करणं थांबवलं.

गूगलचं दुसरं काम मात्र गाजावाजा न होता वाढलं. 2009 च्या शरदात लस अपुरी होती, तेव्हा ती कुठे मिळते हे दाखवणारा नकाशा गूगलने काढला. 2012 पासून बोस्टनच्या बालरुग्णालयातल्या ‘हेल्थमॅप’ गटाने ‘व्हॅक्सिन फाइंडर’ चालवलं. 2021 मध्ये अमेरिकेतली कोविड लशीची सरकारी शोधसेवा त्याच पायावर उभी राहिली. मोबाइलवरून 438829 या क्रमांकावर पिनकोड पाठवला की जवळच्या तीन केंद्रांचे पत्ते येत. इथे तर्क लढवायचा नव्हता. लस देणाऱ्यांनीच कळवलेली माहिती लोकांपर्यंत पोचवायची होती.

आपल्याकडे त्याच वर्षी कोविन या सरकारी लसनोंदणी पोर्टलवर पिनकोड टाकून स्लॉट शोधताना शहरातली मंडळी खेड्यांतल्या केंद्रांवर पोचली आणि गावकरी नाराज झाले. पत्ता सगळ्यांना सापडला, तरी लस पुरेशी असावी लागतेच.

साथीचा अंदाज चार दिवस उशिरा आला तरी निभावतं, पण लशीचा पत्ता आजचाच हवा. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि लशीतले विषाणूप्रकार वेळोवेळी बदलतात. तेव्हा घरात वयस्कर माणसं, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल तर पावसाआधीच डॉक्टरांना विचारा, आणि निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून यंदाची लस शिल्लक आहे ना, याची खात्री करा.