ऊन, बर्फ आणि कुटुंब : हिमक्रीडेच्या स्थळाची पारख

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, तेव्हा जाणता व्यापारी नुसता रव्याचा रंग पाहून बोली लावत नाही. तो गुळाचा कण पाहतो, चव पाहतो, चिकटपणा पाहतो आणि मगच भाव बोलतो. सराफी पेढीवर सोने कसाला लावल्याविना हाती घेतले जात नाही. माल पारखून घेण्याची ही शिस्त व्यापारी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मात्र हेच घर सहलीचा बेत आखते, तेव्हा ती शिस्त बहुधा दुकानातच राहते. निळे आकाश, पांढरा उतार आणि पायांत स्की बांधून हसणारी मुले असे एक छायाचित्र पुरते. आजी-आजोबांसह आठ-दहा जणांची तिकिटे निघतात आणि प्रत्यक्षात डोंगर तपकिरी निघाला, तर वर्षाची रजा आणि मुलांची आशा दोन्ही वाया जातात.

ही भीती काल्पनिक नाही. बर्फासाठी देशात सर्वाधिक नाव असलेले गुलमर्ग जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ कोरडे होते. महिनाअखेरीस बर्फ आला आणि फेब्रुवारीत तेथे खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धाही पार पडल्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुरेशा बर्फाअभावी गुलमर्गच्या स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. उत्तराखंडातील औलीच्या राष्ट्रीय स्पर्धा २०२३ मध्ये बर्फ नसल्यामुळे रद्दच झाल्या. जेथे राष्ट्रीय स्पर्धांचे वेळापत्रक कोलमडते, तेथे एका कुटुंबाने चार दिवसांच्या सहलीचा बेत कशाच्या आधारावर आखावा? स्थळाच्या नावापेक्षा उंची, उताराची दिशा आणि महिना या तीन कसोट्या अधिक भरवशाच्या आहेत.

पहिली कसोटी : उंची

दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. त्यामुळे ज्या ढगातून खाली पाऊस पडतो, त्याच ढगातून वर बर्फ पडतो; आणि पडलेला बर्फ वर अधिक दिवस टिकतो. गुलमर्गचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून निघणाऱ्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो सुमारे ३,०८० मीटरवरील कोंगडोरीपर्यंत नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. म्हणजे पठारावर बर्फ विरळ असला, तरी वर तो मिळण्याची शक्यता उरते. गुलमर्गचा खरा भरवसा या वरच्या उंचीत आहे.

युरोपातील आल्प्स पर्वतातही हाच नियम चालतो. तेथील कमी उंचीच्या गावांना आता बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांवर विसंबावे लागते. फ्रान्समधील व्हाल तोरांस हे २,३०० मीटरवरील गाव किंवा हिमनदीमुळे बाराही महिने बर्फ असलेले स्वित्झर्लंडचे झेरमॅट यांची पत मुख्यतः उंचीमुळेच टिकून आहे. यंत्राचा बर्फही फुकट मिळत नाही. त्याला पाणी आणि वीज लागते, शिवाय हवा गोठणबिंदूखाली उतरलेली असावी लागते. उबदार रात्री ते यंत्रही निरुपयोगी ठरते. औलीत अशी यंत्रे बसवली गेली होती, तरीही तेथील स्पर्धा वाचल्या नाहीत.

दुसरी कसोटी : उताराची दिशा

घरातील ज्येष्ठांना ऊन हवे आणि नातवंडांना बर्फ हवा. हे दोन्ही एका ठिकाणी मिळणे वरवर पाहता अवघड वाटते, कारण ऊन हाच बर्फाचा शत्रू. पण निसर्गाने त्याची सोय केलेली आहे. हिवाळ्यात आपल्या गोलार्धात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर त्याचे किरण थेट पडतात आणि बर्फ लवकर वितळतो. उत्तरेकडील उतारावर ते तिरपे पडतात, म्हणून तेथील बर्फ कोरडा आणि भुसभुशीत राहतो. तेव्हा मुक्काम उघड्या, उन्हाच्या जागी आणि खेळाचा उतार उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे, अशी जोडी शोधावी.

गुलमर्गमध्ये ही जोडी बऱ्यापैकी जुळते. पठार खुले आहे, त्यामुळे निरभ्र दिवशी तेथे भरपूर ऊन असते. आणि अफरवटचे उतार पीर पंजाल रांगेच्या काश्मीर खोऱ्याकडील अंगाला आहेत. औलीचा उतारही ज्योतिर्मठाच्या दिशेने उत्तरेकडे उतरतो आणि समोर ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीचे दर्शन घडते. मात्र औलीची उंची २,५०० ते ३,०५० मीटर. तिच्यावर गुलमर्गसारखा दुसरा मजला नाही.

तिसरी कसोटी : महिना

खरी अडचण येथे आहे. कोल्हापूरच्या व्यापारी घराला सवड मिळते ती दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात. पश्चिम हिमालयात बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ मात्र भूमध्य समुद्राकडून मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात येतात. नेमकी याच काळात गुऱ्हाळे पेटलेली असतात, गुळाची आवक जोरात असते, लग्नसराईमुळे सराफ आणि कापड व्यापारी यांना मान वर करायला वेळ नसतो. आणि पुढे ३१ मार्चचा ताळेबंद उभा असतो.

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. ही कडाक्याच्या थंडीची मुदत. त्यानंतर वीस दिवसांची चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांची चिल्लई बच्चा येते. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्या कुटुंबाला थंडी हमखास मिळते, बर्फाची मात्र खात्री नसते, कारण तोवर हंगामाचा साठा झालेला नसतो. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ तुलनेने भरवशाचा असतो. तोवर बर्फाचे थर साचलेले असतात, दिवस मोठा होऊ लागतो आणि उन्हाला थोडी ऊबही येते. गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहता हाही काळ चुकू शकतो. म्हणून तिकीट व खोली रद्द करण्याच्या अटी आधी वाचाव्यात आणि शक्यतो तारीख बदलता येईल अशी सोय घ्यावी. दोन पैसे अधिक गेले तरी तो विम्याचा हप्ता समजावा.

मे महिन्यातच जाणे भाग असेल, तर अपेक्षा बदलून जावे. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे. ती खुली झाल्यावर आणि आवश्यक परवाना मिळाल्यावर तेथे बर्फ पाहता येतो. गुलमर्गच्या दुसऱ्या टप्प्यावरही तेव्हा काही बर्फ उरलेला असतो. तो पाहण्याचा आणि हाताळण्याचा आनंद आहे. स्की शिकण्याचा हंगाम तो नव्हे.

प्रवासाचा हिशेब

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर आहे. बर्फ असेल तेव्हा तंगमर्गपासूनच्या शेवटच्या चढावर चाकांना साखळ्या लावलेले वाहन घ्यावे लागते. विमानाने दुपारपर्यंत श्रीनगर गाठले, तरी पहिली रात्र तेथेच काढून दुसऱ्या दिवशी वर जाणे लहान मुलांना व वृद्धांना सोसते. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरच्या प्रवासाचा निर्णय घेताना त्या वेळच्या शासकीय सूचना पाहणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्यच ठरते.

औलीसाठी ऋषिकेशहून ज्योतिर्मठापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे; त्यात पूर्ण दिवस जातो. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये त्या नगरात जमीन खचल्यानंतर तेथून औलीला जाणारा रोपवे बंद ठेवण्यात आला. मनालीजवळचे सोलंग सुमारे अडीच हजार मीटरवर आहे. तेथे नवशिक्यांसाठी सौम्य उतार आहे. पण गर्दी फार आणि बर्फ लवकर विरतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे मात्र पलीकडचे, तीन हजार मीटरहून उंच सिस्सू जवळ आले. सोलंगला बर्फ नसेल तर तो तेथे शोधता येतो. तरीही नियमित शिक्षण, उंचीचा आधार आणि मोकळे ऊन या तिन्हींचा एकत्र विचार केला, तर प्रथमच जाणाऱ्या कुटुंबासाठी गुलमर्गचे पारडे जड ठरते. स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी केंद्र सरकारची संस्थाही तेथेच आहे.

नियम आणि निवास

आपल्या घरांत सहलीचा बेत पुष्कळदा एका प्रश्नापाशी अडतो : आजींच्या चौविहाराचे काय? जानेवारीच्या मध्यास गुलमर्गला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे कोल्हापूरपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक आधी. सूर्योदयही साडेसातनंतर होतो. नवकारशी करणाऱ्यांचा नाश्ता साडेआठच्या आसपास येतो. फेब्रुवारीच्या मध्यास सूर्यास्त सव्वासहापर्यंत सरकतो. म्हणून मुलांनी साडेतीन-चारला उतारावरून परतावे आणि पाच वाजता गरम भोजन पानात पडावे, असा दिवस आखावा. हे खोली ठरवतानाच हॉटेलला स्पष्ट कळवावे. कांदा, लसूण, बटाटा न घातलेला स्वयंपाक आणि उकळलेले पाणी यांविषयी लेखी होकार घ्यावा. खाखरा, दशमी, चिवडा, मूगडाळीचे पदार्थ बरोबर असावेतच, कारण जोराचा बर्फ पडला की रस्ता बंद होतो आणि तालुक्याच्या बाजारासारखी सोय तेथे नसते.

हिम आणि गारा यांची गणना बावीस अभक्ष्यांत होते आणि बर्फ हा अप्कायाचा प्रकार मानला जातो, हे नव्या पिढीला सांगण्याची हीच वेळ. ताजा बर्फ तोंडात टाकण्याचा मोह मुलांना हमखास होतो. कोणी या कारणाने बर्फावर खेळण्याचेच टाळले, तर त्या ज्येष्ठांना आग्रह करू नये. उन्हात बसून पर्वत पाहण्यातही सहलीचे सार्थक आहे.

कपड्यांची खरेदी हाही अहिंसेचा विषय आहे. पुष्कळ महागडी जाकिटे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांनी भरलेली असतात आणि हातमोजे चामड्याचे असतात. कृत्रिम तंतूंनी भरलेली जाकिटे तितक्याच कामाची असतात. ओली झाल्यावर तर ती पिसांपेक्षा अधिक ऊब धरतात. खरेदीआधी आतील पट्टीवरचा मजकूर वाचावा.

मुले, वृद्ध आणि सुरक्षा

स्की म्हणजे नुसती घसरण नव्हे. थांबणे शिकण्यापासून तिची सुरुवात होते. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणून मागची बाजू फाकवायची, की वेग मंदावतो. पहिल्या दिवशी दोन तास एवढेच शिकावे. बूट पायाला नेमके बसतात की नाही हे पाहावे आणि डोक्यावर शिरस्त्राण असावेच. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरील मोकळे उतार नवशिक्यांचे नाहीत. अफरवटच्या उतारांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी हिमस्खलनात परदेशी स्कीपटूंचे जीव गेले, आणि ते अनुभवी होते. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी सुमारे चार हजार मीटरची ती उंची वैद्यांना विचारल्याशिवाय गाठू नये. निरभ्र उन्हात ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. म्हणून उन्हात नुसत्या बसलेल्या आजीलाही काळा चष्मा हवाच.

असा हिशेब मांडला की बेत आपोआप आकार घेतो. फेब्रुवारीचा मध्य, चार दिवस, मुक्काम पठारावर, खेळ सौम्य उतारावर, जेवण सूर्य मावळण्यापूर्वी, पेढी भावाच्या किंवा मुनीमांच्या हाती. आणि त्यातूनही बर्फ नाहीच पडला तर? तर उन्हातले पठार, देवदारांचे रान आणि एकत्र मिळालेले चार दिवस उरतातच. व्यापारी घरात माणसे एका छपराखाली राहतात, पण दुकानाच्या वेळांमुळे तीन पिढ्या एका उन्हात क्वचितच बसतात. बर्फाची हमी कोणी देऊ शकत नाही. ही बैठक मात्र आपल्या हाती आहे, आणि स्थळ निवडताना तिचेच वजन सर्वात आधी करावे.