उद्योगाची पायाभरणी (लेखांक ५) : शेवटचा शब्द कोणाचा?

नव्या उद्योगाच्या भांडवलाचा विचार मागील लेखांकात झाला. ते भांडवल ज्यांच्या हाती असते ती माणसे एकत्र कशी येतात आणि एकत्र आल्यावर कशी टिकतात, हा या लेखांकाचा विषय आहे. या प्रश्नाच्या नेहमीच्या विवेचनात भर असतो तो कौशल्ये परस्परपूरक असावीत यावर, म्हणजे एकाने उत्पादन पाहावे, दुसऱ्याने विक्री आणि तिसऱ्याने हिशेब. हे चुकीचे नाही, पण हा प्रश्नाचा सोपा भाग आहे; कारण हिशेबनीस पगारावर मिळतो, विक्रेता कमिशनवर मिळतो, आणि जे काम पैसे मोजून करून घेता येते त्यासाठी मालकीतला वाटा का द्यावा, याचे उत्तर त्या कामात सापडत नाही. अवघड भाग पुढेच आहे. मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, आणि एखादा संस्थापक मध्येच निघून गेला तर त्याच्या वाट्याचे काय, हे दोन प्रश्न जेव्हा निवांतपणे बोलता येतात तेव्हा ते काढणे सर्वांनाच अभद्र वाटते, आणि जेव्हा ते काढणे भाग पडते तेव्हा निवांतपणा उरलेला नसतो.

जेथे मालकी निर्विवादपणे एकाची असते तेथे यांतील पहिला प्रश्न फारसा उद्भवत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारण्यास प्रारंभ केला, तेव्हा वसाहतीची आखणी व व्यवस्था बंधू रामूअण्णांकडे होती, मंगेशराव रेगे हिशेब आणि कोठार सांभाळत, आणि शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर तेथे इंजिनिअरचे काम करू लागले. पदवीपेक्षा हाताची व डोक्याची पारख करून जमवलेला असा संच मराठी उद्योगाच्या इतिहासात क्वचितच आढळतो; परंतु त्या संचाच्या मध्यभागी कोण आहे याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता, त्यामुळे बरोबरीच्या मालकांमध्ये निर्माण होणारा पेच तेथे उभा राहण्याचे कारण नव्हते.

तो पेच पाहायचा तर इन्फोसिसचे उदाहरण अधिक उपयोगी पडते. २ जुलै १९८१ रोजी पुण्यात नोंदली गेलेली ही कंपनी एन. आर. नारायण मूर्ती, नंदन निलेकणी, एन. एस. राघवन, एस. गोपालकृष्णन, एस. डी. शिबुलाल, के. दिनेश आणि अशोक अरोरा या सातजणांची होती. आरंभीचे भांडवल दहा हजार रुपयांचे होते आणि ते सुधा मूर्ती यांच्या बचतीतून आले. सातहीजण पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून आलेले, म्हणजे सातही जणांची मूळ विद्या एकच, संगणकप्रणाली लिहिण्याची. पूरकतेच्या कसोटीवर हा संच नापासच ठरला असता. त्याच्या जमेची बाजू निराळी होती. एकमेकांचे काम त्यांनी आधीच्या नोकरीत पाहिलेले होते, आणि पटणीतील संगणकप्रणाली विभागाचे प्रमुख राहिलेल्या मूर्तींचे नेतृत्व नवी कंपनी निघण्यापूर्वीच सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते. कंपनीच्या नोंदीप्रमाणे पहिले कर्मचारी राघवन आणि मूर्ती चौथे, कारण जुन्या कंपनीत हाती घेतलेले काम त्यांना आधी पुरे करायचे होते. तरीही अग्रक्रमाविषयी वाद झाला नाही, यावरून क्रमांक आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या सातांना उमगले होते असे म्हणता येते.

१९८९ मध्ये अरोरा बाहेर पडले. पुढच्याच वर्षी हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी संस्थापकांपैकी पाचजण बंगळुरूच्या कचेरीत जमले, कारण कंपनी दहा लाख डॉलरना विकत घेण्याचा प्रस्ताव समोर होता आणि नऊ वर्षांच्या ओढाताणीनंतर तो मोह पडावा असाच होता. मूर्तींनी नंतर एका जाहीर भाषणात सांगितल्याप्रमाणे, त्यांनी आधी तरुण सहकाऱ्यांना बोलू दिले, त्यांचा कल विक्रीकडे आहे हे पाहिले, आणि शेवटी, ज्यांना पैसे घेऊन मोकळे व्हायचे असेल त्या सर्वांचे वाटे स्वतः विकत घेण्याची तयारी दाखवली. तासाभराच्या चर्चेनंतर सर्वांनी थांबण्याचे ठरवले. हा प्रसंग बहुधा जिद्दीचा नमुना म्हणून सांगितला जातो, पण त्याची दुसरी बाजू दुर्लक्षिली जाते: बाहेर पडण्याचा सन्मान्य मार्ग समोर मांडला गेल्यामुळेच राहण्याचा निर्णय स्वखुशीचा ठरला. अर्थात हे त्या व्यक्तींमुळे साधले. लेखी तरतुदीचा पर्याय म्हणून त्यावर विसंबणे कोणाही नव्या उद्योजकाला परवडणार नाही.

लेखी तरतूद नसेल तर कायदा स्वतःचे उत्तर देतो आणि ते सहसा कोणालाच रुचत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारात वेगळे काही नसल्यास नफा-तोटा समसमान वाटला जातो, मग कोणाचे भांडवल किती आणि कोणाचे श्रम किती हे गैरलागू ठरते. शिवाय भागीदारी ‘इच्छाधीन’ असेल, म्हणजे तिची मुदत वा समाप्तीची रीत ठरलेली नसेल, तर कोणीही भागीदार लेखी नोटीस देऊन ती संपुष्टात आणू शकतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी एखाद्याच्या जाण्याने संपत नाही हे खरे, पण तेथे अडचण दुसऱ्या बाजूने येते. साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी संमत होतो. दोघांनी निम्मा-निम्मा वाटा घेतला असेल तर मतभेदाच्या वेळी साधा ठरावसुद्धा अडतो, आणि मैत्रीखातर केलेली समान वाटणी नेमक्या त्याच मैत्रीच्या मुळावर येते.

निघून जाणाऱ्याच्या वाट्यासाठी अलीकडे ‘व्हेस्टिंग’ची रीत रूढ झाली आहे. व्हेस्टिंग म्हणजे संस्थापकाचा आपल्या शेअरवरील हक्क एकदम न मिळता कामाच्या काळानुसार टप्प्याटप्प्याने पक्का होणे. सामान्यतः त्याची मुदत चार वर्षांची असते आणि पहिल्या वर्षाच्या आत जाणाऱ्याला काहीच मिळत नाही, या अटीला ‘क्लिफ’ म्हणतात. समजा, तीन मैत्रिणींनी मसाल्यांची कंपनी काढून प्रत्येकी ३,००० शेअर घेतले आणि त्यांतील एक दीड वर्षाने नोकरीसाठी परगावी गेली. अठ्ठेचाळीस महिन्यांपैकी अठरा महिने भरल्यामुळे तिचे १,१२५ शेअर पक्के होतात आणि उरलेले १,८७५ इतर दोघींना दर्शनी किमतीत विकत घेता येतात. ही अट घातलेली नसेल, तर ती कायमची एक-तृतीयांशाची मालकीण राहते. आणि कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, बदलण्यासाठी लागणाऱ्या विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते हवी असल्यामुळे, गिरणीत मिरच्या कांडून घेणाऱ्या त्या दोघींना परगावी बसलेल्या तिसरीच्या विरोधापुढे नियमावलीतला एक शब्दही बदलता येत नाही.

येथे एक तांत्रिक पण महत्त्वाची बाब नोंदवली पाहिजे. संस्थापकांनी आपसांत केलेला करार पुरेसा आहे अशी समजूत सर्रास आढळते, परंतु व्ही. बी. रंगराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली असा निर्णय दिला की, शेअर हस्तांतरावरील जे निर्बंध नियमावलीत नाहीत ते कंपनीवर बंधनकारक ठरत नाहीत. म्हणून स्टॅम्पपेपरवर जे ठरले ते नियमावलीतही उतरवून घेणे आवश्यक असते, आणि कंपनी नोंदवताना तयार नमुन्याची नियमावली जशीच्या तशी स्वीकारण्याची जी घाई होते तिथेच हे नेमके राहून जाते.

कुटुंबातील व्यक्तीला संस्थापकांत घ्यावे काय, हा प्रश्न येथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. इन्फोसिसमध्ये भांडवल देणाऱ्या सुधा मूर्ती स्वतः अभियंता असूनही पतीच्या आग्रहामुळे कंपनीबाहेर राहिल्या, तर किर्लोस्करवाडीत भाऊ, पुतणे आणि पुढे मुलगे यांच्याच बळावर कारभार वाढत गेला. या दोन वाटांचा विचार पुढील लेखांकात होईल.